बारावीला ८१ टक्के, कॉलेजच्या पहिल्या चाचणीत २० पैकी ६

प्रश्न थोडक्यात असा आहे. लांज्याजवळच्या एका गावातली मुलगी. बारावी शास्त्र शाखेला ८१ टक्के. आता रत्नागिरीला बीएस्सीचं पहिलं वर्ष, मुख्य विषय वनस्पतिशास्त्र. जाऊन-येऊन रोज अडीच तास एसटीत जातात. एकही तास बुडवत नाही, फळ्यावरचं सगळं उतरवून घेते, रात्री जेवणं झाली की वाचत बसते, आणि तरी पहिल्या अंतर्गत चाचणीत २० पैकी ६. आई म्हणते क्लास लाव, मुंबईचे काका फोनवर म्हणतात आर्ट्सला बदली करून घे. आणि शेवटी तिचा प्रश्न: "मी मुळातच कच्ची आहे का?"

नाहीस गं. मी याच किनाऱ्यावर २७ वर्षं पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकवतेय. दर वर्षी पहिल्या चाचणीचा गठ्ठा तपासायला घेतला की त्यात तुझे हे ६ गुण असतातच, आणि बहुतेक वेळा ते अशाच मुलीचे असतात: अक्षर सुंदर, समास आखलेला, उत्तराची पहिली दोन वाक्यं अगदी बरोबर, आणि तिसऱ्या वाक्यापासून सगळं धुक्यात. न वाचणाऱ्या मुलाचा पेपर वेगळा दिसतो. त्यात पहिली दोन वाक्यंही नसतात.

म्हणजे तू अभ्यास करतेस, पण तो बारावीचा अभ्यास आहे. त्याने बारावीत काम केलं म्हणून तुझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि तेच अडचणीचं आहे. कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात आणि बारावीच्या निकालात हे मंडळ राज्यात सतत पहिलं असतं. २०२५ साली ९६.७४ टक्के निकाल लागला. आपल्याकडची मुलं कष्टाळू आहेत यात वाद नाही. पण बारावीत ते कष्ट कुठे आणि कधी करायचे हे कोण ठरवत होतं, ते आठवून बघ. एक धडा सरांनी शिकवला. आठवड्याने "उद्या विचारणार आहे" म्हणाले म्हणून तू तो पुन्हा वाचलास. मग घटक चाचणी, मग सहामाही, मग दिवाळीच्या सुट्टीतला गृहपाठ, मग सराव प्रश्नपत्रिका, मग पूर्वपरीक्षा. मार्चपर्यंत एकेका धड्याशी तुझी सहा-सात वेळा गाठ पडली, आणि त्यातली एकही तू स्वतः ठरवली नव्हतीस. पाटाने पाणी येत होतं आणि पोफळी भिजत होती.

इथे पाट नाही, विहीर आहे. कॉलेजात मी एखादा मुद्दा एकदा शिकवते. दुसऱ्या दिवशी पुढचा. मधे कोणी विचारत नाही, वही तपासत नाही, घरी निरोप पाठवत नाही. मग थेट चाचणी. विषय बारावीपेक्षा थोडा खोल आहे हे खरं, पण सहापट कठीण नाही. फरक पडतो तो त्या मधल्या पाच-सहा गाठींचा. त्या आता तुला स्वतः घडवून आणायच्या आहेत. माझं सगळं उत्तर एवढंच आहे. पुढे लिहितेय ते हे करायचं कसं याचं.

आधी वेळेचा हिशेब करू, कारण "रोज किती तास अभ्यास करू?" याला मुलं मनाला येईल तो आकडा धरतात. तुमच्या नव्या रचनेत एका सत्राला साधारण २२ श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) असतात. देशाच्या श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास धरलेले आहेत, आणि त्यात वर्गातले तास, प्रॅक्टिकल, स्वतःचा अभ्यास, सगळं आलं. २२ गुणिले ३० म्हणजे ६६०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४४ तास. त्यातले २८ च्या आसपास व्याख्यानं आणि प्रॅक्टिकल खातात. राहतात १६. रविवार सोडला तर दिवसाला पावणेतीन तास भरत नाहीत. म्हणजे "दिवसाला सहा तास वाचल्याशिवाय बीएस्सी होत नाही" असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष कर. पण हे १६ तास अभ्यासक्रमातच धरलेले आहेत, तो काही जास्तीचा अभ्यास नव्हे, हेही लक्षात ठेव. वर्गात बसून आलीस म्हणजे तुझं काम दोन-तृतीयांशच झालं.

आता तू म्हणशील, पावणेतीन तास मी बसतेच की. बसतेस, पण त्या वेळात करतेस काय? "रात्री वाचते" असं तू लिहिलंयस.

मी स्वतः १९८८ साली गुहागर तालुक्यातल्या गावातून शहरात आले आणि आत्याकडे राहिले. मीही वाचायचे. लाल पेन्सिल घेऊन महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायचे, आणि मला सगळंच महत्त्वाचं वाटत असल्यामुळे पुस्तक लालभडक झालं होतं. पहिल्या परीक्षेत १०० पैकी ३३, तेही वनस्पतिशास्त्रात, ज्यात मी नंतर आयुष्य काढलं. त्या सुट्टीत आत्या विळीवर नारळ खवत बसलेली असताना मला म्हणाली, "एवढा वाचतंस, काय शिकलीस ता मला सांग बघू गो." आत्या चौथी शिकलेली. मी प्रकाशसंश्लेषण सांगायला लागले आणि दुसऱ्या वाक्यावर अडकले. क्लोरोफिल, सूर्यप्रकाश... आणि पुढे? पुस्तक समोर असताना पानाच्या डाव्या कोपऱ्यातली आकृतीसुद्धा ओळखीची वाटायची. पुस्तक नसताना डोक्यात काहीच नव्हतं. आत्या हसली नाही. "जा, बघून ये नि परत सांग" म्हणाली. त्या सुट्टीत अर्धा नारळ होईपर्यंत एक मुद्दा, असा माझा अभ्यास झाला. पुढच्या परीक्षेत ६१.

आत्या काय करून घेत होती त्याला नाव आहे आणि त्यावर बरंच संशोधन झालेलं आहे, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग मी दर वर्षी पहिल्या तासाला वर्गात सांगते. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत वाचला, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या गटाने एका बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६० टक्के. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. "आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?" असं आधी विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तुझ्या रात्रीच्या वाचनाने तुला अशीच खात्री दिली आणि चाचणीने ती काढून घेतली.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाजारात एखादा चेहरा बघून "हा आपल्या वाडीतला" एवढं कळतं, पण नाव विचारलं तर ओठांवर येत नाही, तसं.

आता तुझ्या त्या अडीच तासांकडे येऊ. एसटीत वाया जातात म्हणतेस. मला उलट वाटतं. महामार्गाची सध्याची अवस्था आणि अंजणारी घाटाची वळणं बघता एसटीत तुला पुस्तक वाचता येणार नाही, वाचलंस तर उलटी होईल. हे तुझ्या पथ्यावर पडणारं आहे, कारण पुस्तक न उघडता जे करायचं असतं नेमकं तेच तुला करायला मिळतं. रत्नागिरीच्या स्टँडवरून गाडी सुटली की खिडकीला डोकं टेकव आणि आज पहिल्या तासाला काय झालं ते पहिल्यापासून मनात सांगायला लाग. मथळे आठवू नकोस, कोणाला तरी समजावून सांगतेयस असं पूर्ण वाक्यात सांग. हातखंब्यापर्यंत पहिल्या तासाचं, पालीपर्यंत दुसऱ्या तासाचं. अडकशील. अडकलीस की ती जागा फक्त लक्षात ठेव: "पानातलं मीठ बाहेर कसं पडतं, इथे अडकले." मोबाइलमध्ये तीन शब्द टिपून ठेवलेस तरी चालेल. घरी गेल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन, वही उघडायची ती फक्त त्या अडकलेल्या जागांसाठी. त्याला अर्धा तास पुरतो. सगळी वही परत वाचायची नाही. तो मोह फार होतो, कारण वाचताना बरं वाटतं आणि आठवताना त्रास होतो.

त्रास व्हायलाच हवा. एसटीतून उतरताना "मला काहीच येत नाही" असं वाटेल. पहिले पंधरा दिवस तरी वाटेल. माझ्या बऱ्याच मुली इथेच सोडून देतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात.

सकाळच्या गाडीत जुनं घ्यायचं. कालचं नव्हे, मागच्या आठवड्यातलं. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाच्या माणसाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं आणि त्यानंतरची गळती हळूहळू मंदावते, असं त्याला दिसलं. त्याची अक्षरं निरर्थक होती, तुझा विषय अर्थपूर्ण आहे, तेव्हा तुझं इतकं झपाट्याने निसटणार नाही. पण गळतीची तऱ्हा तीच. म्हणून त्याच दिवशी एकदा, दोन-तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा असं आठवून झालं तर परीक्षेच्या आधी रात्र जागवावी लागत नाही. यासाठी रंगीत वेळापत्रक करून भिंतीला लावू नकोस. वहीच्या प्रत्येक पाठाच्या कोपऱ्यात आठवल्याची तारीख टाकत जा, बस. ज्या पानावर एकच तारीख दिसेल ते पान उद्याच्या सकाळच्या गाडीचं.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. तू मला चाचणीतला एक प्रश्न लिहून पाठवलास ते बरं झालं. खारफुटीवर होता. बारावीत तुला "श्वसनमुळांवर टीप लिहा" असं विचारत होते. तू टीप लिहिलीस: श्वसनमुळं जमिनीतून वर येतात, त्यांना छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाते. सगळं बरोबर. पण प्रश्न होता, एकाच खाडीत तिवर आणि कांदळ दोन्ही उभे असतात, मग खारं पाणी आणि हवा नसलेला चिखल यांना दोघे कसे तोंड देतात याची तुलना करा. तिवराची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर डोकावतात आणि तो आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कांदळ टेकूंसारख्या आधारमुळांवर उभा राहतो आणि बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. तुला या चारही गोष्टी माहीत होत्या, वहीत आहेत. पण त्या वहीत चार वेगवेगळ्या पानांवर आहेत, आणि डोक्यातही तशाच वेगवेगळ्या राहिल्या. पदवीच्या पेपरात गुण माहितीला कमी आणि ती शेजारी-शेजारी ठेवण्याला जास्त मिळतात.

म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, तासभर फक्त प्रश्न तयार करायचे. उत्तरं नंतर. "हे नसतं तर काय झालं असतं?", "हे आणि ते यांत फरक काय?", "हे इथेच का, तिथे का नाही?" असे. आणि जमलं तर एकदा भाट्याच्या खाडीवर जा. तुझ्या वाटेवर अंजणारीला जी काजळी नदी लागते तीच तिथे समुद्राला मिळते. ओहोटीला तिवराचं पान तोडून जिभेला लाव. खारट लागेल. एवढं केलंस की तो मुद्दा तुला पुन्हा पाठ करावा लागणार नाही, माझा अनुभव आहे. (पुलावरून वाकू नकोस, आणि शेवाळलेल्या दगडांवर चपला घालून जाऊ नकोस. हेही अनुभवच.)

वर्गात लिहून घेण्याबद्दल. "सगळं उतरवून घेते" हे तू अभिमानाने लिहिलंयस, पण मला त्याची काळजी वाटते. ज्या मुलीचं डोकं सतत वहीत असतं तिच्यापर्यंत माझं बोलणं हातातून पोचतं, डोक्यातून जात नाही. वहीच्या डाव्या बाजूला तीन बोटं जागा मोकळी सोड. वर्गात उजवीकडे लिही, तेही शिक्षकांची वाक्यं नव्हे, तुला कळलं ते, तुटक चालेल, मराठी-इंग्रजी मिसळून चालेल. घरी गेल्यावर डाव्या पट्टीत त्या पानाचे प्रश्न लिही. मग उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडे बघून बोलायचं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांनी साधारण अशीच पद्धत विद्यार्थ्यांना लावून दिली होती आणि ती जगभर चालते. त्यासाठी छापील वही विकत घ्यायची गरज नाही.

वरच्या वर्गातल्यांच्या झेरॉक्स नोट्स घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण तू घेशीलच. फक्त झेरॉक्स काढून पिशवीत ठेवली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, त्या वाटण्यापासून सांभाळ. ग्रुपवर आलेल्या पीडीएफचंही तेच.

इंग्रजीचं दुखणं तू शेवटच्या ओळीत, लाजत लाजत लिहिलंयस, पण माझ्या मते गुणांमागचं दुसरं मोठं कारण तेच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीत एकदम इंग्रजी. बारावीचं पाठ करून निभावलं. आता स्वतःची वाक्यं करावी लागतात. आणि गंमत अशी की पारिभाषिक शब्दांनी मुलांचं अडत नाही. न्यूमॅटोफोर, व्हिव्हिपरी हे तुम्ही सहज लिहिता. अडतं ते साध्या शब्दांनी. प्रश्नात 'डिस्टिंग्विश' असलं की फरक सांगायचा, 'जस्टिफाय' असलं की कारण द्यायचं, 'कॉमेंट' असलं की आपलं मत आधारासह मांडायचं; आणि तुम्ही तिन्हींना एकच टीप लिहिता. उत्तरात 'व्हेअरअ‍ॅज', 'देअरफोर', 'ड्यू टू' हे जोडशब्द हाताशी नसतात म्हणून चार सुटी वाक्यं राहतात. वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी कर. विषयाचे शब्द नकोत, सांध्यांचे शब्द. तीस-चाळीस झाले की पुरे. आणि मुद्दा आधी मराठीत सांग, अगदी आपल्या घरच्या बोलीत. मराठीत सांगता आला तर इंग्रजीत दोन चुका करून का होईना, लिहिता येईल. मराठीतच सांगता आला नाही तर अडचण इंग्रजीची नाहीच. शहरातल्या ज्या मुली पुढे दिसतात त्यांच्यातल्या निम्म्या फक्त इंग्रजी सफाईने बोलतात. त्यांचे पेपरही मीच तपासते.

आता आपल्याकडच्या वर्षाचं गणित. अभ्यासाच्या सवयींवरचे बहुतेक सल्ले अशा माणसांनी दिलेले असतात ज्यांच्याकडे जुलैत लावणी नसते. तुमचं पहिलं सत्र नेमकं पावसात येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत घरी शेतात माणसं लागतात, तू दोन दिवस चिखलात उतरून तिसऱ्या दिवशी वर्गात येतेस आणि तुला पुढचा धडा सुरू झालेला दिसतो. यावर मी कधी रागावले नाही, माझ्याही घरी लावणी होती. पण त्या दोन दिवसांत काय झालं हे त्याच आठवड्यात मैत्रिणीला विचार, आणि वही मागू नकोस, तिला तोंडाने सांगायला लाव. तिचाही अभ्यास होतो. उपस्थिती ७५ टक्के लागते तेवढी सांभाळ. मग वीज. श्रावणातल्या वादळी रात्री दिवे गेले की सकाळपर्यंत येत नाहीत, आणि तुझा सगळा अभ्यास "रात्री जेवणं झाल्यावर" वर अवलंबून आहे. तो तिथून हलव. संध्याकाळी पाच ते सात उजेडात तो अर्धा तास आणि थोडं पुढचं. रात्री जमलं तर जर्नल आणि आकृत्या, कारण त्याला डोकं कमी लागतं. रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जाऊन उभं राहावं लागत असेल तर जे काही उतरवून घ्यायचं ते कॉलेजच्या ग्रंथालयातूनच घे.

ग्रंथालयाचं निघालंच आहे म्हणून. दुपारी तास संपल्यावर तुझी गाडी दीड तासाने असते आणि तू तो वेळ स्टँडवर काढतेस असं लिहिलंयस. स्टँडवर गप्पा होतात, त्याही हव्यात. पण आठवड्यातून तीन दिवस तो दीड तास वाचनकक्षात दिलास तर तुझ्या त्या १६ तासांतले साडेचार तिथेच निघाले. संदर्भपुस्तकं घरी मिळत नाहीत, ती तिथे बसूनच चाळावी लागतात. रत्नागिरीत १८२८ सालापासून नगर वाचनालय आहे, तेव्हा या गावात पुस्तक मिळत नाही ही सबब मी कधीच ऐकून घेत नाही.

आणि गणपती. प्रत्येक मुलगी मला सांगते, "मॅडम, सुट्टीत कव्हर करते." आजवर एकीनेही केलेलं नाही. चाकरमानी येणार, वीस माणसांचा स्वयंपाक, मोदक, गौरीचा ओवसा, रात्री आरत्या नि भजनं, दुसऱ्याच्या घरची आरती तिसऱ्याच्या घरी. त्यात पुस्तक उघडणं शक्य नाही आणि उघडूही नये. पुस्तक पिशवीत घेऊन गेलं की दोन्ही नासतात, सणही आणि मनही. त्या दिवसांत अभ्यास शून्य असं आधीच लिहून टाक, आणि तेवढा भाग गणपतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत बसव. सुट्टीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत नवं काही घ्यायचं नाही, गणपतीआधीचं न बघता लिहून काढायचं. कारण विसर्जनानंतर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा चाचणी असते आणि मग सत्र परीक्षा. दुसऱ्या सत्रात हेच शिमग्याला होईल. पालखी दारात येते तेव्हा घरात बसून पेशीविभाजन वाचणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही. परीक्षेच्या तोंडावर काजू आणि आंब्याचंही काम निघतं, तेव्हा त्या सत्रात फेब्रुवारी हा तुझा खरा महिना समज.

क्लास लावू का? माझं मत: आता नको. क्लास पुन्हा पाट काढून देईल आणि दुसऱ्या वर्षी तू याच जागी उभी असशील. शिवाय तुझे आणखी दोन तास आणि पैसे जातील. एखाद्या विषयाचा पायाच कच्चा असेल, बहुधा रसायनशास्त्राचा असतो, तर तेवढ्यापुरतं कोणाकडे तरी शिकून घे. आर्ट्सला जाण्याबद्दल एवढंच सांगते, आर्ट्स सोपं आहे म्हणून जाणाऱ्यांचं तिथेही जमत नाही. इतिहासाच्या पेपरातही तुलनाच विचारतात. तुला खरोखर झाडांपेक्षा माणसांच्या गोष्टींत रस असेल तर जरूर जा, पण ते ६ गुणांवरून ठरवू नकोस. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर जगबुडी होत नाही, पेपर पुन्हा देता येतो. माझ्या ओळखीच्या दोन प्राध्यापकांना पहिल्या वर्षी लागली होती. नावं सांगणार नाही.

मोबाइलबद्दल भाषण करत नाही. संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात तो आईकडे दे. आईला आवडेल.

आणि एक काम याच आठवड्यात कर. चाचणीचा तो पेपर फाडला नसशील तर तो घेऊन तुझ्या बाईंकडे किंवा सरांकडे जा. आपल्याकडच्या मुलांना स्टाफरूमच्या दाराशी जायची फार भीती, दाराबाहेर चपला काढून दहा मिनिटं उभी राहतात आणि परत जातात. "मॅडम, काही समजलं नाही" असं म्हणू नकोस. त्यावर आम्हालाही काय बोलावं कळत नाही. "तिसऱ्या प्रश्नात मी हे लिहिलं, दोन गुण मिळाले, उरलेल्या तीन गुणांसाठी काय लिहायला हवं होतं?" असं विचार. असा प्रश्न घेऊन येणारी मुलं वर्षाला चार-पाचच असतात आणि ती आमच्या लक्षात राहतात. फक्त मधल्या सुट्टीत जाऊ नकोस, तेव्हा आम्ही चहा पीत असतो. शेवटच्या तासानंतर जा, तुझ्या गाडीला तसाही दीड तास असतो.